बोरिवली उतरणार का?

सकाळच्या विरार फास्टमध्ये, लेडीज डब्यात, भाईंदर गेलं की मागून खांद्यावर एक बोट टोचतं आणि प्रश्न येतो, 'बोरिवली उतरणार का?' रोजच्या बायकांकडे याचं उत्तर तयार असतं. 'नाही, अंधेरी.' 'नाही, दादर.' त्यावरून कुणी कुठे सरकायचं ते ठरतं. माझं उत्तर मात्र बरीच वर्षं एकच होतं. 'माहीत नाही.'

'माहीत नाही म्हणजे?' असं विचारताना एका बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं ना, ती अजून आठवते. पण मला खरंच माहीत नसायचं! ते माझं पोट ठरवायचं.

तर आजचा विषय पोट. फ्लॅट टमी, सिक्स पॅक वगैरे नाही. सकाळी सात वाजता तुळिंज रोडवर शेअर रिक्षात बसल्याबरोबर ज्यात कळ येते, ते पोट. नाश्ता करता करता वाचत असाल तर पान उलटा आणि दुपारी परत या.

गोष्ट सुरू होते जुलै २०१८ मध्ये. आठवतोय तो पाऊस? नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या आणि टीव्हीवर सारखं आमचंच स्टेशन दिसायला लागलं. मी नुकतीच बीएमएम होऊन बाहेर पडले होते. अंगात पत्रकारिता संचारलेली, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून मोबाइलवर फोटो काढत फिरले. आमच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी जमिनीखाली आहे. तिच्यात काय काय शिरलं असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चार दिवसांनी आमच्या विंगमधली निम्मी घरं आडवी. ताप, उलट्या, जुलाब, मुरडा, सगळं साग्रसंगीत. मला तर सलाइन लागलं. आठवड्याभरात सगळे खडखडीत बरे झाले. मीही झाले, असं वाटलं. पण पोट पुन्हा पूर्वीसारखं झालंच नाही.

म्हणजे कसं? सकाळी तीन-चार वेळा जायचं, तरी 'साफ झालं' असं वाटायचं नाही. खाल्लं की कळ, जाऊन आलं की कळ गायब. मग मध्येच तीन दिवस काहीच नाही आणि पोट ढोलासारखं टम्म. पुन्हा चौथ्या दिवशी धावाधाव. याला काही पॅटर्न असेल म्हणून मी वहीसुद्धा ठेवली होती. पॅटर्न एवढाच दिसला की ज्या दिवशी बाहेर जायचं असेल त्या दिवशी हमखास.

आणि मला रोज बाहेर जायचं होतं. त्याच वर्षी लोअर परळला एका न्यूज पोर्टलमध्ये पहिली नोकरी लागली. नऊची शिफ्ट. नालासोपारा ते दादर हा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना गर्दीबद्दल काही सांगायला नको. पण गर्दीत पाय ठेवायला जागा नसणं वेगळं आणि त्याच गर्दीत पोटात कळ येणं वेगळं. लोकलमध्ये संडास नसतो. एसी लोकलमध्येसुद्धा नसतो. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशानं साहिबगंजच्या रेल्वे ऑफिसला पत्र लिहून कळवलं होतं की फणस खाऊन पोट बिघडल्यामुळे मला स्टेशनात उतरावं लागलं आणि तेवढ्यात गार्डनं गाडी सोडली. त्या पत्रानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले असं सांगतात. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर सावरत गाडीमागे धावणारा तो माणूस मला सख्खा भाऊ वाटला.

माझा सगळा दिवस या एका गोष्टीभोवती फिरायचा. पाचला उठायचं. चहा नाही, नाश्ता नाही, पाणीसुद्धा दोन घोट. तासभर बाथरूममध्ये वाट बघत बसायचं, की जे काय व्हायचं ते घरीच होऊन जाऊ दे. बॅगेत एक जादा कुर्ता-लेगिंग्ज, टिश्यू, ओआरएसची पाकिटं आणि सुट्टी नाणी. कुठल्या स्टेशनवर लेडीज टॉयलेट कुठल्या टोकाला आहे, त्याला कुलूप कधी असतं, किल्ली कुणाकडे असते, याचा नकाशा मला पाठ होता. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी मोहीम चालू आहे. मी तिच्यावर बातमी केली होती, अगदी तटस्थपणे, जणू माझा त्याच्याशी काही संबंधच नाही! सगळ्यात वाईट टप्पा नायगाव ते भाईंदर. खाडीवरचा तो लांब पूल. तिथे गाडी सिग्नलला थांबली की बाकीच्या बायका खाडीचा वारा घेत असायच्या आणि मी मनातल्या मनात जीवदानी आईला नवस बोलत असायचे. ते सगळे फेडायचे म्हटले तर मला विरारच्या डोंगरावरच खोली घ्यावी लागेल.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. जगावर संकट आलं होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण मी सुटले होते. घरून काम. बाथरूम आठ पावलांवर. त्या दोन वर्षांत मी एकही डेडलाइन चुकवली नाही. २०२२ मध्ये मेल आला, सोमवारपासून ऑफिसला या. मी तीन आठवडे कसेबसे काढले आणि राजीनामा दिला. सगळ्यांना सांगितलं की मला स्वतःचा बॉस व्हायचंय, मनासारखं लिहायचंय. इन्स्टाग्रामवर 'न्यू बिगिनिंग्ज' असं लिहून कॉफीच्या कपाचा फोटोही टाकला. (कॉफी मी पीत नाही. कारण तुम्हाला कळलंच असेल.) भरपूर लाइक्स आले. फ्रीलान्सिंगचं खरं कारण आज पहिल्यांदा लिहितेय.

या सगळ्यात डॉक्टर चालू होतेच. पहिले म्हणाले, अमिबा. आपल्याकडे पोट बिघडलं की अमिबाचं नाव आधी येतं. त्याच्या गोळ्यांचा कोर्स मी पाच वेळा केला, तोंडाला ती धातूसारखी कडू चव घेऊन फिरले. स्टूल टेस्टमध्ये तो अमिबा एकदाही सापडला नाही. दुसऱ्यांनी सोनोग्राफी सांगितली, तिसऱ्यांनी कोलोनोस्कोपी. तिच्या आधी औषधाचं लिटरभर-दोन लिटर पाणी पिऊन पोट रिकामं करावं लागतं. माझ्यासारख्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं! सगळ्या रिपोर्टवर एकच शब्द. नॉर्मल. आणि त्यानंतर एकच वाक्य. 'काही नाहीये तुला, टेन्शन घेऊ नकोस.' आजीनं गावाहून कुड्याची साल पाठवली, तिचा काढा झाला. एका काकांनी लग्न हा उपाय सुचवला. त्यांना मी विचारणार होते की नवरा दारात उभा राहून बाथरूमचा नंबर लावून देणार का?

'काही नाहीये' हे वाक्य फार वाईट असतं. दुखतंय तर मला, आणि कागद म्हणतोय दुखत नाही. मग हळूहळू आपल्यालाच वाटायला लागतं की आपण नाटकं करतोय. आई तोंडावर काही म्हणायची नाही, पण मी चौथ्यांदा बाथरूमकडे निघाले की टीव्हीचा आवाज वाढवायची. ती मला लाजेपासून वाचवत होती हे नंतर कळलं. तेव्हा रागच यायचा.

२०२३ मध्ये एका मैत्रिणीनं बळंबळं मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत नेलं. तीन तास रांग. आत एक वयस्कर डॉक्टर मॅडम होत्या. माझी रिपोर्टची जाड फाइल त्यांनी चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, 'आता तू सांग.' पाच वर्षांत हे कुणी म्हटलंच नव्हतं.

मग प्रश्न. झोपेतून उठून जावं लागतं का? कधी रक्त पडलंय? न प्रयत्न करता वजन उतरलंय? ताप असतो का? हिमोग्लोबिन कमी आहे का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर आहे का? माझी सगळी उत्तरं 'नाही' होती. हे प्रश्न तुम्हीही लक्षात ठेवा. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल, तर इथे वाचत बसू नका, तपासणी करून घ्या. आपल्याकडे आतड्याचा टीबीसुद्धा होतो आणि तो सुरुवातीला असाच वाटू शकतो.

पुढचे प्रश्न अजून बारीक. दुखणं आठवड्यातून किती दिवस? जाऊन आल्यावर बदलतं का? किती वेळा जातेस आणि कसं होतं? 'कसं होतं' यावर मी गप्प झाले, तर मॅडमनी ड्रॉवरमधून एक रंगीत कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर सात चित्रं होती. हा ब्रिस्टल चार्ट, १९९७ चा. एक नंबर म्हणजे बकरीच्या लेंड्या, चार नंबर म्हणजे आदर्श, सात नंबर म्हणजे निव्वळ पाणी. हॉटेलात मेनू कार्डावर बोट ठेवावं तसं मी बोट ठेवलं. एक, सहा, सात. लाज एका मिनिटात गेली!

'तुला आयबीएस आहे,' मॅडम म्हणाल्या. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. त्यांनी फक्त एक रक्ततपासणी सांगितली, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिॲक आजार नाही ना एवढं बघायला. बाकी निदान लक्षणांवरून. त्यासाठी 'रोम' नावाचे निकष असतात, चौथी आवृत्ती २०१६ ची. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणं, त्या दुखण्याचा संबंध शौचाला जाणं, त्याची वारंवारता बदलणं आणि त्याचं स्वरूप बदलणं यांपैकी किमान दोन गोष्टींशी असणं, आणि सुरुवात होऊन सहा महिने झालेले असणं. मी म्हटलं, 'पण माझे रिपोर्ट तर नॉर्मल आहेत.' त्या म्हणाल्या, 'ते नॉर्मलच येणार. या आजाराचा स्वभावच तो आहे.' ओपीडीच्या बाहेर येऊन मी रडले. मैत्रीण घाबरली, तिला वाटलं काहीतरी भयंकर निघालं. मला आनंद झाला होता. काहीतरी 'आहे' म्हणून!

आता यातलं सायन्स थोडक्यात सांगते, कारण मला स्वतःला ते कळल्यावर निम्मी भीती गेली. आतड्याला स्वतःची नसांची जाळी असते, कोट्यवधी पेशींची, आणि मेंदूशी तिचं दिवसरात्र बोलणं चालू असतं. मूड सांभाळणारं म्हणून आपण ज्याचं नाव ऐकतो ते सेरोटोनिन, शरीरातलं त्याचं बहुतेक उत्पादन आतड्यातच होतं. आयबीएसमध्ये या नसांचा व्हॉल्यूम वाढलेला असतो. १९७३ साली एका ब्रिटिश संशोधकानं पेशंटच्या आतड्यात छोटा फुगा फुगवून बघितला. ज्या आकाराच्या फुग्यानं इतरांना काहीच होत नव्हतं, त्यानं यांना दुखत होतं. म्हणजे दुखणं खरं आहे, फक्त ते कोलोनोस्कोपीच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि टेन्शन? टेन्शनमुळे व्हॉल्यूम वाढतो हे खरं, पण 'टेन्शन घेऊ नको' म्हणून तो कमी होत नाही.

माझा व्हॉल्यूम बिघडला तो त्या पुरानंतर. मॅडमनी मला कॅनडातल्या वॉकर्टन गावाची गोष्ट सांगितली आणि मी घरी येऊन ती पूर्ण वाचून काढली. मे २००० मध्ये तिथे जोरदार पाऊस झाला, गोठ्यांतली घाण वाहून विहिरीत गेली आणि गावाचं पाणी दूषित झालं. सुमारे २३०० माणसं आजारी पडली, सात जण गेली. संशोधक त्यांच्या मागे वर्षानुवर्षं राहिले. ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांच्यापैकी २८ टक्के लोकांना दोन-तीन वर्षांनीसुद्धा आयबीएस होता. आठ वर्षांनी हा आकडा १५ टक्क्यांवर आला होता. आमच्या विंगमध्ये मीच का, या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, पण जगात असं झालेलं गावच्या गाव आहे हे कळल्यावर बरं वाटलं. माझी आठ वर्षं आता भरत आलीत.

उपचारात सगळ्यात मजा आली ती खाण्यापिण्याची. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीनं लो फॉडमॅप नावाचं डाएट तयार केलंय. काही साखरी लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे जाऊन पाणी ओढतात आणि त्यांच्यापासून गॅस होतो. हळव्या आतड्याला तेवढं पुरतं. अशा गोष्टी दोन ते सहा आठवडे बंद करायच्या आणि मग एकेक करून परत सुरू करत बघायचं की आपला गुन्हेगार कोण. यादी ऐकून आईचा चेहरा पडला. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, आंबा. मग ती एकदम म्हणाली, 'अगं, म्हणजे बारा महिने चातुर्मासच की!' कांदेनवमीला भजी खाऊन पुढे चार महिने कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातली ती. तिला हे डाएट ऑस्ट्रेलियाचं आहे यावर आजही विश्वास नाही. भात, नाचणी, बटाटा, गाजर, शेंगदाणे चालतात, म्हणजे उपासाचं ताट बऱ्यापैकी सुटतं. लसणातल्या त्या साखरी तेलात विरघळत नाहीत, म्हणून तेलात पाकळ्या परतायच्या आणि काढून टाकायच्या. वास येतो, त्रास होत नाही. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. आईनं या दोन युक्त्यांवर पूर्ण स्वयंपाकघर चालवून दाखवलं.

फजितीही झाली. स्टेशनजवळच्या गाडीवर मी हुशारीनं 'जैन पावभाजी' मागितली. कांदा-लसूण नाही, पण मला चालणारा बटाटाही नाही, आणि पाव गव्हाचा! दुसरी फजिती स्थळ बघायला आले तेव्हाची. कांदेपोह्यांचा कार्यक्रम आणि मुलीलाच कांदेपोहे वर्ज्य. आईनं बटाटेपोहे केले. मुलगा म्हणाला, 'अरे वा, मला पण कांदा आवडत नाही.' जमलं नाही तिथे, पण माणूस चांगला होता.

दोन महिन्यांनी माझे गुन्हेगार सापडले. कच्चा कांदा, राजमा आणि मोठा ग्लास दूध. अर्धा कप दुधाचा चहा निर्दोष सुटला. गहूही दोन पोळ्यांपर्यंत चालतो. म्हणजे यादीतलं बरंचसं परत मिळालं. हे डाएट कायमचं करायचं नसतं आणि सगळ्यांना लागूही पडत नाही, म्हणून आहारतज्ज्ञाला विचारूनच करा. नाहीतर नुसतं वजन उतरतं आणि घरचे घाबरतात.

शिवाय इसबगोल. मला वाटायचं ते फक्त बद्धकोष्ठाचं औषध. पण ते पाणी धरून ठेवतं आणि त्याचा मऊ गर होतो, त्यामुळे दोन्ही टोकांना कामाला येतं. थोड्यापासून सुरू करायचं, भरपूर पाण्याबरोबर. कळ येते तेव्हा आतड्याचा पीळ सोडवणारी गोळी. आणि रात्री झोपताना ॲमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. हे नाव मी नेटवर बघितलं तर पहिल्याच ओळीत डिप्रेशन! मी तडक परत गेले. 'मॅडम, तुम्हालाही असंच वाटतं का की हे माझ्या डोक्यात आहे?' त्या हसल्या. म्हणाल्या, डिप्रेशनला याच्या कितीतरी पट डोस लागतो, इथे आपण आतड्याच्या नसांचा आवाज कमी करतोय. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ४६३ पेशंटवर झालेली या गोळीची चाचणी प्रसिद्ध झाली होती. नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा ही घेणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. पहिले दोन आठवडे तोंडाला कोरड पडली आणि सकाळी जाग येईना. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी फक्त एकदाच गेले. आईनं टीव्हीचा आवाज कमी केला. आम्ही दोघींनी त्यावर काही बोलणं टाळलं. (कुणीही हे वाचून केमिस्टकडे जाऊ नका. डोस डॉक्टरच ठरवतात.)

पूर्ण बरी झाले का? नाही. महिन्यातून चार-पाच दिवस वाईट असतात. पाळीच्या आधी हमखास. पण २०२३ पर्यंत महिन्यातून चार-पाच दिवस चांगले असायचे.

मागच्या महिन्यात चर्चगेटला एक मीटिंग होती, सकाळी दहाची. पूर्वी मी अशी कामं 'झूमवर करू या का?' म्हणून टाळायचे. या वेळी हो म्हटलं. अर्धा कप चहा घेऊन निघाले, विरारला उलटं जाऊन सीट पकडली. समोर जुन्या ओळखीच्या काकू, सरकारी ऑफिसात आहेत, माझ्या नोकरीच्या दिवसांत याच गाडीला असायच्या. 'काय गं, होतीस कुठे? आणि तेव्हा सारखी बोरिवलीला काय उतरायचीस? तिकडे कुणी होतं का?' असं म्हणून त्यांनी डोळे मिचकावले.

गाडी खाडीच्या पुलावर होती. काय वाटलं कुणास ठाऊक, मी सगळं सांगून टाकलं. टॉयलेटचा नकाशा, जादा कुर्ता, राजीनामा, सगळं. काकू ऐकत राहिल्या. त्यांच्या शेजारची मोबाइलमध्ये डोकं घातलेली मुलगी आता मोबाइल खाली ठेवून ऐकत होती.

'तेवीस वर्षं झाली,' काकू आवाज उतरवून म्हणाल्या, 'मी सकाळचा चहा ऑफिसात पोचल्यावरच पिते. का ते आमच्या ह्यांनासुद्धा माहीत नाही.'

मग त्यांनी पर्समधून लोकलच्या पासचं जुनं पाकीट काढलं, त्यातला एक कागद आणि पेन माझ्यापुढे धरलं. 'त्या ओपीडीचे वार लिही. आणि ते सात चित्रांचं काय म्हणालीस, ते पण.'

मी लिहीत होते तेवढ्यात मागून खांद्यावर बोट टोचलं. 'बोरिवली उतरणार का?'

'नाही,' मी म्हटलं, 'चर्चगेट.'